उन्हाळी लागली, की लघवीचा संसर्ग झाला?

एप्रिल-मेमध्ये कोकणात लघवीला आग व्हायला लागली की पहिलं निदान शेजारीण करते: "उन्हाळी लागली गो, सब्जा घे." बऱ्याचदा तिचं बरोबरही असतं. आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात किंवा बंदरावर टोपली मांडून दिवस काढला की पाणी घामावाटे जातं, प्यायचं राहून जातं, लघवी पिवळीजर्द होते आणि जळजळते. ही खरी उन्हाळी. पण तशीच आग जंतुसंसर्गातही होते. तिथे सब्जावर चार दिवस काढले तर जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात.

ओळख पाण्याने पटते. दोन-तीन तासांत पाऊण ते एक लिटर पाणी थोडं थोडं करून प्या. साधी उन्हाळी असेल तर लघवी सुक्या पेंढ्याच्या रंगाइतकी फिकी होते आणि रंगाबरोबर आगही उतरते. संसर्ग असेल तर लघवी फिकी होऊनही आग हटत नाही. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं, गेल्यावर चार थेंब येतात, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ दिसते किंवा तिला उग्र वास येतो, कधी रक्ताची लालसर झाक असते. पाणी पिऊन वाट बघायची ती फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. गर्भारपण, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, ताप किंवा लघवीत रक्त यांपैकी काहीही असेल तर तेवढीही वाट बघू नका.

एक तिसरी शक्यता बायका सांगायला लाजतात म्हणून राहून जाते. आग बाहेरच्या त्वचेला होते, खाज आहे, अंगावरून दह्यासारखं पांढरं किंवा वास येणारं पाणी जातं, पण वारंवार लघवीला लागत नाही. असं असेल तर बहुतेक हा योनीमार्गाचा संसर्ग असतो. त्याचं औषध वेगळं. तो बुरशीचा असेल तर लघवीच्या संसर्गाची अँटिबायोटिक घेऊन उलट वाढू शकतो.

बायकांनाच हे जास्त का होतं, याचं उत्तर शरीराच्या रचनेत आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटीमीटर लांब, आणि तिचं तोंड गुदद्वाराजवळ. बहुतेक संसर्ग आपल्याच आतड्यातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतात. म्हणजे एसटी स्टँडच्या घाण संडासातून रोग 'लागतो' ही समजूत चुकीची. त्या संडासाच्या भीतीने पाणी न पिणं आणि तासन् तास लघवी रोखून धरणं, नुकसान तिथे होतं. आत आलेले जंतू धुऊन जायला वाहती लघवी लागते. ती सहा-सात तास साठवली की जंतूंना वाढायला निवांत जागा मिळते.

त्याच दिवशी दवाखाना

38 अंशांच्या (100.4 फॅरनहाइट) वर ताप, हुडहुडी, कमरेच्या वर पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या: संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची ही लक्षणं आहेत. अशा वेळी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. औषध उलटून पडत असेल तर शिरेतून द्यावं लागतं.

पावसाळ्यात इथे एक वेगळाच घोळ होतो. लावणीच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला तर तो लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून, पायाच्या जखमेवाटे होणारा आजार), मलेरिया किंवा डेंग्यूही असू शकतो. पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे दिसणं, लघवी कमी होणं ही लेप्टोची खूण. म्हणून "लघवीला जळजळतं आणि ताप आहे" एवढंच सांगून थांबू नका. चिखलात किती दिवस उभ्या होतात आणि पायाला जखम आहे का, तेही डॉक्टरांना सांगा.

नमुना कसा द्यायचा

बरेच चुकीचे रिपोर्ट प्रयोगशाळेत नाही, बाथरूममध्ये तयार होतात. पहिलीच वेळ, तरुण वय, ताप नाही, गर्भारपण नाही, अशा वेळी डॉक्टर नुसत्या लक्षणांवरही औषध सुरू करू शकतात. पण संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, गर्भारपण असेल, ताप असेल किंवा आधीच्या औषधाने गुण आला नसेल, तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध चालेल ते बघायची तपासणी) हवंच. आणि ते अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. दोन गोळ्या घेऊन मग नमुना दिला तर रिपोर्टमध्ये पू-पेशी दिसतात, जंतू मात्र वाढत नाहीत, आणि कुठलं औषध चालेल हा प्रश्न तसाच राहतो.

डबी प्रयोगशाळेतून निर्जंतुक, बंद झाकणाची घ्या. घरातली धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. हात साबणाने धुवा. योनीचे ओठ एका हाताने बाजूला धरा, साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन घ्या. डेटॉल नको, नमुन्यात त्याचा अंश गेला तर जंतू मरतात. पहिली धार संडासात सोडा, धार न थांबवता मधली लघवी डबीत अर्ध्यापर्यंत घ्या, उरलेली पुन्हा संडासात. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाळी चालू असेल तर तसं सांगा.

नमुना दोन तासांत पोहोचला पाहिजे. वाडीवरून तालुक्याला एसटीने जायचं तर हे जमत नाही, आणि मेच्या उकाड्यात डबीतले मोजके जंतू तेवढ्यात लाखांवर जातात. उपाय सोपा आहे: डबी घट्ट बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, ती थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात बर्फाबरोबर ठेवायची. बर्फ आणि डबी यांच्यामध्ये एक फडकं घाला, नमुना गोठता कामा नये. फ्रिजच्या तापमानाला तो 24 तास टिकतो. प्रयोगशाळेत कल्चर शनिवारी घेतात का, हे आधी फोन करून विचारा.

रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतो, कुठलं औषध लागू पडतं ते कळायला तीन दिवसही लागतात. त्यात 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे पडत नाही. 'एपिथेलियल सेल्स' (त्वचेच्या पेशी) खूप असतील किंवा तीन-चार प्रकारचे जंतू एकदम दिसत असतील तर बहुधा नमुना बाहेरच्या त्वचेने बिघडला आहे. तो पुन्हा द्या, त्यावर औषध घेऊ नका. आणि काहीच त्रास नसताना कुठल्याशा तपासणीत चार पू-पेशी दिसल्या म्हणून अँटिबायोटिक घ्यायची नसते. याला मोठा अपवाद गर्भारपणाचा. तेव्हा त्रास नसला तरी लघवीतल्या जंतूंवर उपचार करतात, कारण ते मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा आणि बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका असतो.

औषधं

ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. खाली तपशील दिला आहे तो चिठ्ठी समजावी आणि चुका टळाव्यात म्हणून.

ताप नसलेल्या साध्या संसर्गाला बहुतेकदा नायट्रोफ्युरँटॉइन लिहून देतात: 100 मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, 5 दिवस. एकूण दहा. ती जेवणावरच घ्या, उपाशीपोटी मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं कारण नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल, जी6पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल किंवा बाळंतपण अगदी जवळ आलं असेल तर हे औषध चालत नाही. ते मूत्राशयात काम करतं, मूत्रपिंडाच्या संसर्गात पुरेसं पडत नाही. म्हणून ताप आला की मैत्रिणीची उरलेली पट्टी कामाची नाही.

दुसरा पर्याय फॉस्फोमायसिन. 3 ग्रॅमची पुडी, एकदाच. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, झोपण्याआधी, लघवी करून यायचं आणि पुडी अर्धा ग्लास साध्या पाण्यात ढवळून लगेच प्यायची. गरम पाणी नको. औषध रात्रभर मूत्राशयात राहावं म्हणून ही वेळ. को-ट्रायमॉक्साझोल 3 दिवसांचं असतं, पण कल्चरमध्ये 'एस' असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर अजिबात नाही.

मेडिकलवाला सवयीने काढून देतो ती नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन. वर्षानुवर्षं सर्रास वापरल्यामुळे भारतात ई. कोलाय या गटाला मोठ्या प्रमाणावर जुमानेनासा झाला आहे. आज जळजळ थोडी उतरते, आठवड्याने दुप्पट होऊन परत येते ती त्यामुळेच.

आता ती चूक जी घरोघरी होते. आग शमवायला लघवी अल्कधर्मी करणारं सायट्रेटचं गोड-आंबट सिरप दिलं जातं. त्याने आराम पडतो, जंतू मरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. सिरप आणि गोळी दोन्ही चिठ्ठीत असतील तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने जोड लावू नका. खायचा सोडा पाण्यात घालून पिणं हाच प्रकार, वर रक्तदाब असणाऱ्या बाईच्या अंगात सोडियमची भर. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी एवढं पुरतं.

योग्य औषध असेल तर 48 तासांत फरक जाणवतो. जाणवला नाही तर रिपोर्ट घेऊन परत जा. जाणवला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंदही करू नका. पूर्ण बरं वाटल्यावर पुन्हा कल्चर करायची गरज नसते, गर्भवती सोडून.

सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, ताक, पेज यांना विरोध नाही. त्यातून पाणी पोटात जातं, हाच त्यांचा मोठा गुण. कोकम सरबतात साखर किती जाते ते मधुमेह असणारीने बघावं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाला टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी गोळी चालू असेल तर रोज दोन-तीन शहाळी पिण्याआधी विचारा.

पुन्हा होऊ नये म्हणून

वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या 140 बायकांवर झालेली एक चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. फक्त हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

सांगायला सोपं, पण हर्णैला किंवा मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावाला बसणारी बाई पाणी का पीत नाही हे तिला पक्कं माहीत असतं: जायचं कुठे? तिथे पाण्याचं वेळापत्रक संडासाप्रमाणे बसवा. उठल्यावर दोन ग्लास, निघण्याआधी लघवी. बाजारात तासाला अर्धा ग्लास. संडास कुठे आहे आणि टोपलीकडे कोण बघेल हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा, दोघी-तिघींनी आळीपाळीने उठायचं. तीन-चार तासांपेक्षा जास्त रोखू नये. घरी परतल्यावर उरलेलं पाणी भरून काढा, पण झोपायच्या आधी दोन तास हात आखडता.

गणपतीला मुंबईहून येताना किंवा परतताना महामार्गावर गाडी अडकली की हेच होतं. पाणी बंद करू नका, जेवणाच्या थांब्यावर लागलेली नसली तरी जाऊन या. कमोडवर अधांतरी ओणवं उभं राहून लघवी करू नका. त्या स्थितीत ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. कागद पसरून नीट बसा, किंवा भारतीय संडास निवडा.

संडासानंतर धुताना पाणी आणि हात पुढून मागे जाऊ द्या. जेट स्प्रे मागून पुढे मारला तर घाण नेमकी नको तिथे येते. आतून धुणं, सुगंधी वॉश, पावडर यांची गरज नाही. त्याने चांगले जंतू जातात. पावसाळ्यात न वाळलेली चड्डी घातली तर बुरशीची खाज येते, लघवीचा संसर्ग नव्हे, पण चुलीजवळच्या दोरीवर किंवा इस्त्रीने ती कोरडी करून घालावी हे खरंच.

संबंधानंतर लगेच लघवी करून या आणि एक ग्लास पाणी प्या. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा त्रास होतो त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, नवऱ्यालाही औषध लागत नाही. शुक्राणुनाशक लावलेले कंडोम मात्र बदलून बघा.

पाळी गेलेल्या बायकांचं कारण वेगळं. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीची त्वचा पातळ, कोरडी होते आणि रक्षक जंतू कमी होतात. डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा लावल्याने संसर्ग बराच कमी होतो. जड हंडे-टोपल्या वाहिलेल्या बायकांमध्ये अंग बाहेर आलेलं असेल तर लघवी तळाशी उरते. ते तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहण्यात अर्थ नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर रक्तातली साखर, सोनोग्राफी आणि लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते याची मोजणी करून घ्या. पू-पेशी सतत दिसतात पण जंतू वाढत नाहीत, असं असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयाचीही तपासणी होते. जाताना एका वहीत तारखा, प्रत्येक वेळचं कल्चर, घेतलेल्या औषधाचं नाव आणि किती दिवस घेतलं ते लिहून न्या. रिकामी पट्टी फेकू नका, तीच वहीला टाचून ठेवा.