वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी : भीतीची आणि बॅगेची तयारी

ऑपरेशनची तारीख ठरली की फाइल, विमा आणि रजेच्या मागे सगळं घर लागतं. भीतीकडे मात्र कुणी बघत नाही, ती पोटात गोळा होऊन तशीच बसते. म्हणून तयारीतलं पहिलं काम कागद-पेनाचं. एका ओळीत एकच भीती लिहायची आणि तिच्यासमोर तिचं उत्तर कोण देणार ते लिहायचं. ‘भुलीतून जागच आली नाही तर’ हा प्रश्न भूलतज्ज्ञांचा. ‘शिवलेलं जठर उसवलं तर’ हा सर्जनचा. ‘घरी गेल्यावर रात्री-अपरात्री काही झालं तर’ याचं उत्तर ज्या फोन नंबरवर मिळेल, तो नंबर त्याच ओळीत. ‘पुन्हा मटण खाताच आलं नाही तर’ हीसुद्धा भीतीच आहे. ती आहारतज्ज्ञांना विचारायला लाजायचं कारण नाही. नुसतं ‘भीती वाटते हो’ म्हटलं की समोरचा ‘काही होत नाही’ म्हणतो आणि विषय तिथंच मिटतो. नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

दुखण्याबद्दल आधीच माहीत असलेलं बरं. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करणं) असो वा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं), ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. पोटावर अर्धा ते दीड सेंटीमीटरची चार ते सहा छिद्रं असतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. तो ज्या छिद्रातून बाहेर घेतात, ते बाकीच्यांपेक्षा जास्त दुखतं, विशेषतः खोकताना आणि कुशीवर वळताना. पण पहिल्या दोन दिवसांत बहुतेकांना हैराण करतं ते वेगळंच. पोटात जागा करायला कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. त्यातला थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास देतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच नसांच्या मुळांतून जात असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. हे ठाऊक नसलं की माणूस थेट हार्ट अटॅकवर जातो. हा वायू एक ते तीन दिवसांत शरीरात शोषला जातो. तोवर चालणं, टेकून बसणं आणि खांद्याला शेक यानं बरं वाटतं. छातीत दाब, घाम, दम असं काही सोबत असेल तर मात्र गॅस म्हणून सोडून न देता लगेच नर्सला सांगायचं. श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे घसा दिवस-दोन दिवस खवखवतो. मळमळही होते, स्लीव्हमध्ये जरा जास्तच. पुष्कळांना टाक्यांपेक्षा मळमळीचाच जास्त वैताग येतो, पण तयारी करताना तिचा विचार क्वचितच कुणी करतं.

त्यामुळं भूलतज्ज्ञांची भेट ही नुसती सही करण्यापुरती समजू नका. आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का आणि गगनबावड्याच्या घाटात गाडी लागते का, हे दोन्ही सांगा. गाडी लागणाऱ्यांना भुलीनंतर मळमळ जास्त होते, आणि आधी कळलं तर उलटी थांबवायची औषधं अगोदरच देता येतात. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, हलणारा दात, दम्याचा पंप यातलं काहीही लपवू नका. झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन वापरत असाल तर मास्कसकट बॅगेत भरा, पहिल्या रात्री लागतं. दुखणं कमी करायला काय-काय देणार हेही विचारून घ्या. छिद्रांपाशी बधिरीचं इंजेक्शन, पोटाच्या स्नायूंच्या थरातला ब्लॉक (तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन), सलाईनमधून पॅरासिटामॉल असे उपाय एकत्र वापरले की तीव्र, मळमळ वाढवणारी औषधं कमी लागतात.

वॉर्डात नर्स शून्य ते दहा या पट्टीवर दुखणं विचारते. आपल्याकडे सोसण्याची सवय इतकी की सात असताना माणूस ‘बरं आहे’ म्हणतो. असं करू नका. दुखत असलं की श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा तळ उघडत नाही आणि कफ साचून ताप येतो. दुखतं म्हणून पलंगावरच पडून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार-पाचच्या वर गेलं की औषध मागायचं. यात मोठेपणा-कमीपणा काही नाही.

आता औषधं. रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, काढे आणि जडीबुटीच्या डब्यांसकट, एका पिशवीत घालून न्या. तोंडी सांगताना एखादी राहतेच. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती साधारण तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते, कारण उपाशी शरीरात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर शेवटचं कधी घेतलं ते सांगा. त्यानं पोट हळू रिकामं होतं आणि उपाशी राहूनही अन्न आत राहू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. तंबाखू, गुटखा, सिगारेट निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद हवं, आणि त्यात मिश्रीही आली. घरातल्या मोठ्या बायका ‘मी कुठं तंबाखू खाते’ म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. निकोटिन तेच असतं. रक्तवाहिन्या आक्रसतात, जखम उशिरा भरते आणि बायपासनंतर जोडावर अल्सर होण्याची शक्यता वाढते.

शेवटचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी कमी पिष्टाचा, आठशे ते बाराशे कॅलरींचा आहार देतात. वजन दाखवण्यासाठी नाही, यकृतासाठी. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. चरबीनं फुगलेला असला तर सर्जनला तो उचलून धरावा लागतो आणि ऑपरेशन अवघड होतं. दोन आठवड्यांत तो बराच आटतो. म्हणून ‘आता पुन्हा कुठं मिळणार’ म्हणत ताटभर तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा निरोप-समारंभ या काळात नको. हवा असेल तर महिनाभर आधी उरका. मधुमेहाचे डोस या आहारात कमी करावे लागतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरते.

याच दिवसांत घरी तीन गोष्टींचा सराव करा. पहिली, तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं साधन. फुंकायचा नाही, ओढायचा. ताठ बसून, ओठ घट्ट धरून सावकाश श्वास आत घ्यायचा, चेंडू क्षणभर वर धरायचा आणि मग सोडायचा. दर तासाला दहा वेळा. झटक्यात ओढलं की तिन्ही चेंडू उडतात, पण फुप्फुसाला त्याचा उपयोग नाही. दुसरी, पलंगावरून उठणं. सरळ उठून बसायला गेलं की पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण येतो. आधी गुडघे दुमडा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातानं रेटून वर या. खोकायची वेळ आली तर छोटी उशी पोटाशी घट्ट धरायची. तिसरी, घोट घेणं. खोकल्याच्या औषधाबरोबर १० किंवा १५ मिलीचं प्लास्टिकचं माप येतं, त्यानं पाणी पिऊन बघा. पंधरा मिनिटांत ३० मिली, म्हणजे तासाला १२०. तांब्या तोंडाला लावायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं, म्हणून आधीपासून करायचं.

बॅगेत फार काही लागत नाही. पुढून बटणं असलेला सैल गाऊन किंवा शर्ट, न घसरणारी चप्पल, ती छोटी उशी, स्पायरोमीटर, ते माप, ओठांसाठी व्हॅसलिन, लांब वायरीचा चार्जर, चष्म्याची डबी. कोल्हापुरी चप्पल घरीच ठेवा, हॉस्पिटलच्या फरशीवर तिचा तळ सटकतो. अंगठी, मंगळसूत्र, जोडवी आदल्या दिवशीच काढून ठेवा. बोटं सुजलेली असली तर अंगठी ऐन वेळी निघत नाही. नेलपॉलिशही काढा, बोटाला लावलेल्या चिमट्याला ऑक्सिजन मोजताना अडथळा होतो. जेवण सहा ते आठ तास आधी बंद आणि साधं पाणी साधारण दोन तास आधी, पण तुमची नेमकी वेळ हॉस्पिटल सांगेल तीच.

पहिली रात्र घाबरवते ती आवाजांमुळे. पिंडऱ्यांना गुंडाळलेले पट्टे आपोआप फुगतात आणि फुस्स करून बसतात. ते रक्त वाहतं ठेवण्यासाठी. मॉनिटर अचानक किंचाळला तर बहुतेक वेळा बोटाचा चिमटा सरकलेला असतो. नाकात ऑक्सिजनची नळी असू शकते, काही ठिकाणी पोटातून ड्रेन (आत साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी) किंवा लघवीची नळीही. यातलं काय-काय असणार ते आधीच विचारा आणि सोबत राहणाऱ्याला सांगून ठेवा, म्हणजे तो रात्री बारा वाजता अख्ख्या पाहुण्यांना फोन करणार नाही. काही तासांतच उठवून चालवतात. पहिल्यांदा डोकं गरगरतं, म्हणून मिनिटभर पाय सोडून बसायचं आणि मगच उभं राहायचं.

घरी कुठं जाणार हे आधी ठरवा. टाक्याच्या रेषेतली गळती, म्हणजे जठरातलं आतलं पोटात झिरपणं, क्वचित होते, पण झालीच तर घरी गेल्यानंतरही होऊ शकते. चंदगड, राधानगरी, गगनबावडा अशा लांबच्या गावाला घर असेल तर पहिला आठवडा-दहा दिवस कोल्हापूर शहरात कुणाकडे तरी राहणं शहाणपणाचं. पावसाळ्यातली तारीख घेताना पंचगंगेचाही विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुरामुळे महामार्गच बंद पडला होता. नदीपलीकडच्यांनी जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळावा. गाडीनं जाताना पट्टा आणि पोट यांच्यामध्ये उशी ठेवा आणि स्पीडब्रेकरला गाडी जवळजवळ थांबवायला सांगा. दुचाकी दोन-तीन आठवडे तरी नको, किक मारणं त्याहून लांब. चार ते सहा आठवडे पाच किलोवर उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची घागर, नातवंड आणि भरलेलं सिलिंडर तिन्ही बाद. टेबलावरचं काम असेल तर दोन आठवड्यांत जमतं. फाउंड्रीत किंवा गुऱ्हाळावर काम असेल तर सहा आठवडे धरा. तिथल्या उष्णतेत घोटाघोटानं पाणी पुरवणं सुरुवातीला जमतच नाही.

आधी पाण्यासारखं पातळ, मग दूध-ताकासारखं, मग मऊ गिलगिलं, असं करत नेहमीच्या जेवणापर्यंत यायला महिना-दीड महिना जातो. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, ती सुरुवातीला पावडरीशिवाय भरत नाहीत. आहारतज्ज्ञांनी हो म्हटलं की मटणाचं अळणी पाणी गाळून, थंड करून, वर धरलेली चरबी काढून चालतं. पांढरा रस्सा नाही, त्यात खोबरं आणि मसाला असतो. कोल्हापुरात गंगावेशीला मिळणारं धारोष्ण म्हशीचं दूध, उसाचा रस, काकवी हे काही महिने विसरायचं. बायपासनंतर गोड झपाट्यानं आतड्यात उतरतं आणि धडधड, घाम, जुलाब सुरू होतात. दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, त्यानं जोडावर अल्सर होऊ शकतो. पॅरासिटामॉल किती आणि कधी ते लिहून घ्या.

तिसऱ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे ‘कशाला केलं हे’ असं वाटणं फार सामान्य आहे. पोटात अन्न नाही, झोप मोडलेली, आणि मन रमवायचा नेहमीचा मार्ग, म्हणजे खाणं, बंद. त्या वेळी ज्याच्याशी बोलायचं असा एक माणूस आत्ताच ठरवा आणि त्याला तसं सांगून ठेवा. उदासी हटतच नसेल किंवा जगू नये असं वाटू लागलं तर वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. भेटायला येणाऱ्यांसाठी घरातल्या एकानं दारातच उभं राहायचं. ‘एक घास खाल्ल्यानं काय होतंय’ म्हणणारी आत्या प्रेमानंच म्हणते, पण त्या घासानं उलटी होते आणि ताण टाक्यांवर येतो.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. स्वस्थ बसलेलं असताना नाडी १२० च्या वर राहते, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, धाप, पोटात वाढत जाणारं दुखणं, एकाच पायाला सूज, शौचाला काळी होणं, पाणीही पोटात राहत नाही, लघवी अगदी कमी. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट न बघता फोन करायचा. बरेच दिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, म्हणून ‘होईल कमी’ म्हणत बसू नका. कागदावर वर सर्जनचा, हॉस्पिटलच्या रात्रीच्या ड्युटीचा आणि १०८ चा नंबर. खाली ऑपरेशनचा प्रकार, तारीख, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी. फोन करताना नाडी, ताप, शेवटची लघवी कधी झाली आणि सकाळपासून किती पाणी पोटात गेलं, या चार गोष्टी हाताशी ठेवा. फोन उचलणारा पहिल्यांदा हेच विचारणार.