पुनर्कथन उघडण्याआधी होमरचा एक सर्ग

ग्रीक पुराणकथांवरची नवी कादंबरी वाचून झाली की सहसा दोनच मतं कानावर येतात, ‘अप्रतिम’ किंवा ‘मूळ कथेची पार वाट लावली’. बहुतेक वेळा ही दोन्ही मतं मूळ न उघडताच दिलेली असतात. मूळ पाहायचं म्हणजे प्राचीन ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं अख्खं ‘इलियड’ संपवायला हवं, असं मुळीच नाही. 24 सर्ग आणि पंधरा हजारांवर ओळी आधी वाचायला बसलं, तर कादंबरी राहूनच जाईल. कादंबरी ज्या सर्गावर उभी आहे तेवढा एकच सर्ग आधी वाचावा. साधारण पाचशे ते साडेसहाशे ओळींचा असतो, निवांत वाचला तरी पाऊण-एक तासात होतो.

जोड्या अशा लावाव्यात. मॅडलिन मिलर यांच्या ‘सर्सी’साठी (2018) ‘ओडिसी’चा, म्हणजे ओडिसिअसच्या परतीच्या प्रवासावरच्या होमरच्या दुसऱ्या महाकाव्याचा, 10वा सर्ग. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द पेनेलोपियाड’साठी (2005) ‘ओडिसी’चाच 22वा. पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’साठी (2018) ‘इलियड’चा पहिला आणि 19वा. मिलर यांच्याच ‘द साँग ऑफ अकिलीस’साठी (2011) ‘इलियड’च्या 11व्या सर्गाचा शेवट आणि पूर्ण 16वा. इंग्रजी भाषांतर घेताना समासात ओळींचे आकडे आहेत की नाहीत ते आधी बघावं. आकडे नसले की हवी ती जागा शोधण्यातच वेळ जातो. एमिली विल्सन यांची भाषांतरं (‘ओडिसी’ 2017, ‘इलियड’ 2023) पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही अडत नाहीत.

आता एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत: होमरमध्ये आहे, दुसऱ्या प्राचीन लेखकाकडे आहे, आजच्या लेखिकेचं स्वतःचं आहे. वाचताना जिथे थबकायला होईल ती गोष्ट कुठल्या तरी रकान्यात टाकायची. एका कादंबरीला दहा-बारा नोंदी पुरतात.

हे करून काय हाती लागतं, ते ब्रायसीसच्या उदाहरणातून नीट दिसतं. ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्यानं जिंकून आणलेली ही स्त्री. तिच्यावरूनच अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नन यांचं भांडण पेटतं, पण सगळ्या ‘इलियड’मध्ये ती एकदाच बोलते. 19व्या सर्गात, 287व्या ओळीपासून, जेमतेम चौदा ओळी. समोर अकिलीसचा जिवलग सखा पॅट्रोक्लस याचा मृतदेह आहे. आपला नवरा नगराच्या वेशीसमोर मारला गेला, तिघे सख्खे भाऊ गेले, हे ती सांगते. तेव्हा पॅट्रोक्लस मला रडू देत नव्हता, अकिलीसशी रीतसर लग्न लावून देईन म्हणायचा, तो नेहमी मायेनं वागला, असंही म्हणते. त्यानंतरची ओळ तर पुन्हापुन्हा वाचावी अशी आहे. बाकीच्या स्त्रियाही रडू लागल्या. निमित्त पॅट्रोक्लसचं, पण जी ती रडत होती आपापल्या दुःखासाठी.

बार्कर यांच्या कादंबरीचं बीज याच ओळीत आहे. म्हणून ‘होमरनं बायकांना गप्प केलं आणि आजच्या लेखिकांनी त्यांना बोलतं केलं’ हे वाक्य मलपृष्ठावर कितीही शोभलं तरी अर्धंच खरं आहे. होमरला ते दुःख दिसलं होतं, तो तिथे थांबला नाही. बार्कर थांबतात, ब्रायसीसलाच कथा सांगू देतात. पुढे मात्र त्याच कादंबरीतली काही प्रकरणं अकिलीसच्या बाजूनं सांगितली आहेत आणि तिथे पुस्तकाची पकड सुटते. ब्रायसीसचा आवाज नुकता कानात बसलेला असताना तो काढून घेतल्यासारखं होतं.

सर्वांत जास्त चुका मधल्या रकान्यात होतात. मेड्युसाचंच घ्या. देवळात तिच्यावर बलात्कार झाला आणि शिक्षाही तिलाच मिळाली, ही कथा आज सगळीकडे ‘मूळ ग्रीक कथा’ म्हणून सांगितली जाते. ती आहे ऑव्हिड या रोमन कवीची, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीची. त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या हेसिअड या ग्रीक कवीकडे मेड्युसा तीन गॉर्गन (राक्षसी) बहिणींपैकी एक आहे, तिघींत एकटीच मर्त्य. तिथे समुद्रदेव पोसायडन तिच्याजवळ जातो तो फुलांच्या कुरणात. अकिलीसचं मर्म त्याच्या टाचेत होतं, हेही होमरमध्ये नाही. उलट ‘सर्सी’चा शेवट वाचून ‘हे लेखिकेनं काहीच्या काही जुळवलं’ असं वाटतं, पण सर्सी आणि ओडिसिअसचा मुलगा टेलेमॅकस यांच्या जोडीचा आधार ‘टेलेगोनी’ या हरवलेल्या महाकाव्याच्या सारांशात आहे.

कर्णावरच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला कादंबरीतला कर्ण आणि व्यासांचा कर्ण वेगळे करायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते. पण एक फरक ध्यानात ठेवावा. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं सिद्ध केली, तिच्याशी ताडून पाहता येतं. ग्रीक पुराणकथांना असा एक ग्रंथ मुळात नाहीच. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या एका नाटकात तर जिच्यावरून युद्ध झालं ती हेलन ट्रॉयला गेलेलीच नसते. तिथे जाते तिची छाया, आणि खरी हेलन इजिप्तमध्ये असते. म्हणून ‘बदल केला’ हा दोष धरू नये. बदलानं काय मिळवलं आणि काय गमावलं, ते विचारावं.

‘द साँग ऑफ अकिलीस’मधला पॅट्रोक्लस लढाईपेक्षा जखमींच्या तंबूत रमतो. याचा धागा 11व्या सर्गाच्या शेवटी सापडतो: तो जखमी योद्धा युरिपिलसच्या मांडीतला बाण कापून काढतो, जखम धुतो, कडू मुळी चोळून लावतो. पण 16व्या सर्गातला पॅट्रोक्लस नावाजलेला, रक्ताला चटावलेला योद्धा आहे. त्याला मवाळ केल्यामुळे प्रेमकथा गहिरी झाली, त्याच्या अंताची भीषणता मात्र उणावली. अकिलीस आणि पॅट्रोक्लसचं प्रेम हे आजचं खूळ, असं कुणी म्हटलं तर मधला रकाना दाखवावा: प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये ते प्रेमी म्हणूनच येतात.

नायिकेच्या तोंडी आजचे विचार घातले आहेत का, हे ओळखायला तिच्या घरातल्या गुलाम स्त्रियांकडे बघावं. पाणी कोण भरतं, लोकर कोण कातते, पाय कोण धुतं? राजवाडाभर ही माणसं दिसतच नसतील आणि राणी स्वातंत्र्याबद्दल बोलत असेल, तर लेखकानं त्या काळातलं घर नीट पाहिलेलं नाही.

इथे ॲटवुड बाकीच्यांच्या पुढे जातात. ‘ओडिसी’च्या 22व्या सर्गात ओडिसिअसच्या बायकोशी, पेनेलोपीशी लग्न करू पाहणारे विवाहेच्छू ठार झाल्यावर बारा दासींना आधी प्रेतं उचलायला लावतात, स्पंजांनी मेजं पुसून घेतात. ओडिसिअसनं तलवारीनं मारायला सांगितलेलं असतं. टेलेमॅकस दोर निवडतो, कारण त्यांना स्वच्छ मरण द्यायचं नसतं. फासात अडकलेल्या पाखरांची उपमा येते, पाय थोडा वेळ तडफडतात, आणि कथा पुढे जाते. हा भाग भाषांतरातून मोठ्यानं वाचावा, दासींसाठी भाषांतरकारानं कोणता शब्द वापरलाय त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारावी, आणि मग ‘द पेनेलोपियाड’ उघडावं. तिथे त्याच बारा जणी मधूनमधून समूहानं गातात.