रूममेटवर चोरीचा वहीम आला तर: श्टुटगार्टला नव्यानं आलेल्यांसाठी

हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि दिवाळीच्या आगेमागे माझा फोन वाजायला लागतो. "ताई, कपाटातले पैसे गेले." "ताई, पार्सल पोचलं म्हणून दाखवतंय, माझ्या हातात काहीच नाही." आणि लगेच, "मला माहितीये कोणी घेतलं ते." कसं माहिती विचारलं तर, "तो आहेच तसला."

'तसला आहे' याला इथे काडीची किंमत नाही, आपल्याकडेही नसावी. वस्तू गेली हे एक, आणि अमक्यानं घेतली हे दुसरं. पहिल्यासाठी जे करायचं ते लगेच करा. दुसरं बोलायची घाई करू नका.

खाण्यापिण्याचं आधी बाजूला काढा. वेगेत, म्हणजे चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, तेल-मीठ बहुतेक सामाईक असतं आणि फ्रिजचा कप्पा ज्याचा त्याचा. आपली मुलं घरून आलेली बाकरवडी ओट्यावर उघडी ठेवतात आणि दोन दिवसांनी ती संपली की चोरी झाली म्हणतात. जर्मन मुलगा समोर ठेवलेलं सगळ्यांसाठी आहे असं समजून खातो. आपला मुलगा तर विचारतही नाही. डब्यावर नाव लिहा, तूप आणि मसाले खोलीत ठेवा. एका मुलीनं तेलाच्या बाटलीवर पेनानं रेघ मारली होती आणि रोज रात्री ती रेघ तपासायची. अभ्यास सोडून हे करायचं असेल तर इतक्या लांब कशाला यायचं?

रिकाम्या बाटल्यांचं मात्र खरं आहे. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे आणि कॅनमागे 25 सेंट परत मिळतात, त्याला फांड म्हणतात. सगळ्यांनी जमवलेली पिशवी एकटाच सुपरमार्केटच्या मशीनमध्ये रिकामी करून पावती वटवून येतो. पन्नास बाटल्यांचे साडेबारा युरो होतात. हे भांडण मी इतकं ऐकलंय की आता हसू येतं. आपापल्या बाटल्या आपापल्या खोलीत ठेवा, विषय संपला.

आता पैसा. येताना आई-वडिलांनी नोटा दिलेल्या असतात, त्या पाकिटात घालून स्वेटरखाली ठेवलेल्या असतात, आणि हे पहिल्याच आठवड्यात रूममेटला सांगून झालेलं असतं. स्पेरकोंटोत, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, वर्षाचे 11,904 युरो भरूनच तुम्ही आलात (2024 च्या सप्टेंबरपासून हाच आकडा आहे), महिन्याला 992 सुटतात. मग घरात रोकड कशाला? खातं उघडलं की नोटा बँकेत भरा. रोकड गेली तर ती होती हेच सिद्ध करता येत नाही. विम्याच्या भरवशावर तर राहूच नका: घरसामानाचा विमा कुलूप तोडून झालेल्या चोरीचे पैसे देतो, किल्ली असलेल्या रूममेटनं उचललेल्या पाकिटाचे नाही. आणि हाफ्टफ्लिष्ट नावाचा विमा तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देतो, तुमचं नाही.

यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती टपालपेटीची. हे नीट वाचा. बँक कार्ड एका पाकिटात पाठवते आणि पिन वेगळ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात. आरोग्य विम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख, टॅक्सचा नंबर, सगळं टपालानं येतं. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आडनाव आहे पण किल्ली फक्त मुख्य भाडेकरूकडे, असं असेल तर तुमचं सगळं आयुष्य आधी त्याच्या हातातून जातं. एका मुलीकडे कार्ड आलं, पिन आलाच नाही. ती वाट बघत बसली, बँकेला विचारायलाही लाजली. तोवर कोणीतरी पेटीतून काय काय काढलं होतं याचा पत्ता लागला नाही, कारण तिच्याकडे पेटीची किल्लीच नव्हती. राहायला जायच्या दिवशी दोन गोष्टी मागा: पेटीवर आडनाव आणि पेटीची किल्ली. नाही म्हणाला तर ती खोली घेऊ नका, मग ती विद्यापीठापासून दोन मिनिटांवर फायहिंगनला का असेना. घरात असलेल्या कोणाकडेही डीएचएलवाला पार्सल देऊ शकतो, त्यामुळे महागाची वस्तू मागवायची तर पाकश्टात्सिओनवर, म्हणजे डीएचएलच्या कुलूपबंद कप्प्यांच्या मशीनवर, मागवा. नोंदणी फुकट आहे आणि कप्पा तुमच्याच फोनवरच्या कोडनं उघडतो.

कार्ड हरवलं असं वाटलं की, घरात कुठे पडलं असेल म्हणत शोधत बसू नका, 116 116 ला फोन करून ते बंद करा. पिन न घालता 50 युरोपर्यंतची खरेदी नुसतं कार्ड टेकवून होते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: दुकानात सही करूनही पैसे वळते होतात, आणि ते 116 116 ने थांबत नाही. त्यासाठी पोलिसांकडे तक्रार देऊन कूनो यादीत, म्हणजे सहीवर चालू नयेत अशा कार्डांच्या यादीत, कार्ड घालायला सांगावं लागतं.

खोलीला कुलूप हवं. भाडेकरू म्हणून स्वतःच्या खोलीच्या कुलपाचा सिलिंडर बदलता येतो. जुना जपून ठेवा, जाताना परत बसवून द्यायचा असतो. फ्लॅटच्या मुख्य दाराला मात्र हात लावू नका. रूममेटला बाहेर ठेवायला कुलूप बदललंत तर कायद्यानं चूक तुमची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. वहिमाची जाहिरात करू नका. दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी नाशिककडच्या एका मुलाचं घड्याळ गेलं. त्यानं रूममेटचा फोटो आपल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "हा चोर आहे, सावध राहा." घड्याळ कोणी नेलं हे आजतागायत कळलेलं नाही. पण तो रूममेट स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत गेला. सिद्ध करता येत नाही असं बदनामीकारक विधान पसरवणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम 186 खाली गुन्हा आहे, आणि 'मला खात्री होती' हा बचाव होत नाही. घड्याळ गेलं ते गेलंच, वर वकिलाची फी, आणि महिनोन्‌महिने प्रत्येक पत्राला घाबरणं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली की नाही हे सोडा, इथे फिर्यादीच आरोपी झाला. ग्रुपवर नाही, स्टेटसवर नाही, मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेतही नाही. नाव घ्यायचं नाही. पुन्हा सांगते: नाव घ्यायचं नाही.

याच्याच पोटातली दुसरी हौस म्हणजे जुना फोन रेकॉर्डिंगवर लावून स्वयंपाकघरात लपवणं. घरात कोणाचंही चोरून केलेलं चित्रीकरण अंगाशी येऊ शकतं, आणि संमतीशिवाय बोलणं रेकॉर्ड करणं कलम 201 खाली गुन्हाच आहे. त्याच्या खोलीत शिरून उलथापालथ करणं तर सोडाच. तो घरात नसला तरी ती त्याचीच खोली असते.

मग बोलायचं कसं? एकट्याला गाठून, आणि आरोप न करता. "माझा हेडफोन मंगळवारपासून दिसत नाही. तू पाहिलास का, कोणी पाहुणे आले होते का?" इतकंच. खऱ्या चोराला तेवढं पुरतं, कारण चोराच्या मनात चांदणं. पुष्कळदा वस्तू सोफ्याखाली 'सापडते'. सापडली की आभार मानायचे आणि घर शोधायला लागायचं. बोलणं झाल्यावर काय गेलं, शेवटचं कधी पाहिलं, घरात कोण होतं, हे तारखेसह लिहून ठेवा. लॅपटॉप-फोनचा सीरियल नंबर आणि बिलाचा फोटो आजच मेलमध्ये टाका. चोरीच्या वस्तू क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर विकायला येतात. तिथे दिसली तर स्वतः भेटायला जाऊ नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट पोलिसांना द्या.

पोलिसांत तक्रार ऑनलाइनही देता येते. जर्मन येत नसेल तर सोबत कोणाला तरी न्या. नाव माहीत नसेल तर 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' द्या, त्यात कमीपणा नाही. पण एकाच घरात एकत्र घर चालवून राहणाऱ्यांपैकी कोणी चोरी केली असेल तर नुसती तक्रार पुरत नाही, कारवाईची मागणी, श्ट्राफआनट्राग, तुम्हालाच करावी लागते. आणि कोणी केलं हे कळल्यापासून तीन महिन्यांत. आपली वडीलधारी मंडळी "आपलाच मुलगा आहे, आपसात मिटवा" म्हणत हे तीन महिने घालवतात. मिटवायचं तर मिटवा, पण मागणी आधी नोंदवा. ती मागे घेता येते. पासपोर्ट गेला असेल तर मात्र कोणाचंही ऐकू नका, त्याच दिवशी पोलीस आणि मग भारतीय वाणिज्य दूतावास. वकिलाकडे जायच्या आधी तुमच्या श्टुडीरेंडनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडे, विचारा, अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. वकिलाच्या पहिल्या सल्ल्याला 190 युरो अधिक कर इथपर्यंत पडू शकतात.

विद्यार्थी वसतिगृहात असाल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, सांगा, खोली बदलून मागा. खासगी फ्लॅटमध्ये मुख्य भाडेकरू स्वतः तिथेच राहतो आणि तुमची खोली फर्निचरसह आहे, तर 15 तारखेच्या आत नोटीस देऊन महिनाअखेर बाहेर पडता येतं. इतर ठिकाणी तीन महिने. नोटीस कागदावर, हातानं सही केलेली. ईमेल चालत नाही. आपल्याच माणसाकडे राहतोय म्हणून करारच केला नसेल आणि डिपॉझिट हातात नोटा देऊन भरलं असेल, तर भांडायला तुमच्याकडे काहीच नाही. असे मला दर वर्षी भेटतात आणि सगळे "ओळखीचा होता" म्हणतात.

बाहेर पडताना किल्ल्या मोजून द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या. किल्ली हरवली म्हणून इमारतीची सगळी कुलपं बदलायचा खर्च मागितला तर तो आकडा तुमच्या भाड्याहून मोठा असतो. नव्या पत्त्यावर 14 दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करा, आणि टपाल वळवायचा अर्ज निघायच्या आधीच भरा, थोडे पैसे पडतात. बँकेला पत्ता वेगळा कळवा.