वनडेत संघ नेमका कुठे हरतो, ते वहीवर कसं पकडायचं

भारत वनडे मालिका हरला की सांगली-मिरजेच्या कट्ट्यांवर एकच वाद रंगतो: कुणाला काढायचं? त्याआधी सामना कुठल्या षटकांत निसटला ते शोधा. त्यासाठी साधी रेघांची वही पुरते.

एका डावाला एक पान. चार ओळी आखा: १ ते १०, ११ ते २५, २६ ते ४०, ४१ ते ५०. नियमानुसार ११ ते ४० हा एकच टप्पा आणि त्यात ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर फार तर चार क्षेत्ररक्षक. तरी तो दोन भागांत तोडा, कारण तीस षटकांची एकत्र सरासरी मधली पडझड झाकून टाकते. रकाने चार: धावा, निर्धाव चेंडू, चौकार-षटकार आणि विकेट. विकेटपुढे ‘वेग’ किंवा ‘फिरकी’ लिहायला विसरू नका. वाइड हा चेंडू धरायचा नाही. लेगबाय (बॅटऐवजी अंगाला लागलेल्या चेंडूवरची धाव) पळून काढला असेल तर तो निर्धाव मोजू नका, स्ट्राइक बदललेला असतो.

आता हिशेब. ११ ते ४० मध्ये १८० चेंडू असतात. षटकाला ५ या गतीने १५० धावा हव्यात. ९० चेंडू निर्धाव गेले तर उरलेल्या प्रत्येक चेंडूवर सरासरी १.६७ धावा लागतात. निर्धाव ७२ वर आणले की १.३९ पुरतात. हे एकेरी-दुहेरीवर आणि अधूनमधून एखाद्या चौकारावर भागतं. पहिल्या हिशेबात मात्र हवेत मारण्याची वेळ येते. मग झेल उडतो आणि शिव्या त्या फटक्याला पडतात. म्हणून विकेट पडली की आधीचे १२ चेंडू तपासा. दोष बहुधा तिथे सापडतो.

ऑगस्ट २०२४ मधली भारत-श्रीलंका कोलंबोची मालिका अशी मांडून पाहा. पहिला सामना २३० वर बरोबरीत सुटला. दुसऱ्यात भारत बिनबाद ९७ वरून ६ बाद १४७, आणि हे सहाही बळी लेगस्पिनर जेफ्री व्हँडरसेचे. तिसऱ्यात सर्वबाद १३८. मालिकेत भारताच्या पडलेल्या ३० पैकी २७ विकेट फिरकीला. अशा पानावर सलामीवीर बदलून काय साधणार?

प्रत्येक वेळी दुखणं मधल्या षटकांतच असतं असं नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात इंदूरला इंग्लंडविरुद्ध आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ८८ केल्या, तरी २८९ चा पाठलाग ६ बाद २८४ वर थांबला. चार विकेट हातात असताना चार धावांनी हार! तिथे आधी शेवटची ओळ वाचायची.

समोरच्या संघाचंही पान भरा. त्यांचेही निर्धाव तितकेच असतील तर खेळपट्टी संथ होती. रात्री दव पडलं असेल तर दोन डावांची सरळ तुलना करू नका, ओला चेंडू फिरकीपटूच्या बोटांत टिकत नाही. पुरुषांच्या वनडेत जुलै २०२५ पासून ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू वापरतात. त्यामुळे शेवटच्या षटकांची जुनी पानं नव्यांशी जुळणार नाहीत.

क्लबच्या पोरांकडून हेच मैदानावर करून घ्या. दोन्हीकडच्या मधल्या स्टंपपासून ९० फुटी दोरीने अर्धवर्तुळं आखा, टोकं चुन्याच्या सरळ रेघांनी जोडा. बाहेर चार क्षेत्ररक्षक, दोन्ही टोकांना फिरकी, एका जोडीला ३० चेंडू. निर्धाव १२ च्या आत हवेत. विकेट गेली की पाच धावा वजा. सुरुवातीला पोरं चेंडू जोरात थेट क्षेत्ररक्षकाकडे मारतात आणि धाव मिळत नाही. तळहाताची पकड सैल ठेवून चेंडू मोकळ्या जागेत मरू द्यायला सांगा. स्वीप आधीच ठरवून मारला तर पायचीत ठरलेलं, म्हणून टप्पा बघूनच गुडघा टेकवायचा. आणि नॉनस्ट्रायकरवर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजावर, लक्ष ठेवा: चेंडू सुटताच तो दोन पावलं पुढे आला नाही, तर समोरच्याने कितीही हलक्या हाताने खेळलं तरी एकेरी निघत नाही.