हिलरी मँटेल वाचायला घेताय? आधी एवढं करा

वुल्फ हॉल, म्हणजे मँटेलबाईंच्या आठव्या हेन्री राजाच्या काळातल्या इंग्लंडवरच्या तीन कादंबऱ्यांतली पहिली, बरेच जण बुकर मिळालेलं पुस्तक म्हणून हौसेने आणतात आणि पन्नासेक पानांत बाजूला ठेवतात, कारण कोण बोलतंय तेच कळत नाही. ह्यावर उपाय सोपा आहे, कुणाचं नाव न घेता नुसता 'तो' आला की बहुतेक वेळा तो थॉमस क्रॉमवेलच समजायचा, सगळी गोष्ट त्याच्याच डोळ्यांनी दिसते. पुढच्या ब्रिंग अप द बॉडीजमध्ये मँटेलबाई जागोजागी 'तो, क्रॉमवेल' असं लिहितात, वाचकांची दया आली असावी.

दुसरी भानगड म्हणजे थॉमस. क्रॉमवेल थॉमस, वुल्सी थॉमस, मोर, क्रॅनमर, वायट, अ‍ॅन बोलिनचा (हिच्याशीच राजाला लग्न करायचंय) बाप, नॉरफोकचा ड्यूक, सगळे थॉमसच, त्यामुळे आडनावंच लक्षात ठेवा. पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रांची यादी आणि वंशावळ दिलीय, तिचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, किंडलवर सारखं मागेपुढे करायचा जाम वैताग येतो.

इतिहासाचा अभ्यास करून मगच वाचा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून मोकळं व्हायचंय, पोप परवानगी देत नाही, कार्डिनल वुल्सीला ते जमत नाही म्हणून 1529 मध्ये त्याची गच्छंती होते, आणि पटनीच्या लोहाराचा पोरगा क्रॉमवेल ते काम अंगावर घेतो, बस, एवढं पुरे. पुढचं विकिपीडियावर अजिबात बघू नका. आपण पानिपतावरची कादंबरी उघडतो तेव्हा शेवट आधीच ठाऊक असतो, इथे आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक नाही आणि हाच आपला फायदा, कारण बाईंनी सगळं वर्तमानकाळात लिहिलंय आणि उद्या कुणाचं डोकं उडणार हे त्या पात्रांनाही माहीत नाही.

पहिला भाग झाला की लगेच दुसऱ्यावर उडी मारू नका (तो लहान आहे आणि सुसाट पळतो, थांबेल तुमच्यासाठी). मध्ये त्यांचं आत्मकथन गिव्हिंग अप द घोस्ट वाचा. 1952 चा जन्म, डर्बीशायरमधल्या ग्लॉसपचा, शिक्षण कायद्याचं, आणि विशीपासून पोटात भयंकर दुखायचं तर डॉक्टर म्हणायचे हे सगळं मनाचं आहे आणि मानसिक आजाराच्या गोळ्या द्यायचे. नवऱ्याबरोबर बोट्स्वानात असताना त्यांनी स्वतःच वैद्यकाचं पुस्तक वाचून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर वाढण्याचा आजार) ओळखला, 27 व्या वर्षी ऑपरेशन झालं आणि मूल होण्याची शक्यता संपली. ह्याच काळात त्या फ्रेंच राज्यक्रांतीवर एक अवाढव्य कादंबरी लिहीत होत्या, 1979 ला लिहून झाली, पण कुणी छापेना, शेवटी आली 1992 मध्ये! हे वाचून झालं की क्रॉमवेलच्या घरातली आजारपणं आणि गेलेल्या मुली एवढ्या का लागतात ते कळतं, निदान मला तरी तेव्हाच कळलं. राज्यक्रांतीवाली मात्र सगळ्यात शेवटी घ्या, तिच्यात माणसं इतकी आहेत की थॉमस परवडले.

मग दुसरा भाग, आणि तिसऱ्या, द मिरर अँड द लाइटसाठी सुट्टीच काढा, जाडजूड प्रकरण आहे. पहिल्या दोन्ही भागांना बुकर मिळालं, 2009 आणि 2012 ला, दोनदा बुकर मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. 2022 मध्ये त्या गेल्या.

मध्येच कंटाळा आला तर त्या काळचा चित्रकार होल्बाइनने काढलेली क्रॉमवेल आणि मोरची चित्रं गुगलवर शोधा, न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये शेकोटीच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांकडे तोंड करून आहेत, ती बघून परत पुस्तक उघडलं की मोर लगेच खडूस वाटायला लागतो. मार्क रायलन्स क्रॉमवेल झालाय ती वुल्फ हॉलची सिरियल छान आहे पण नंतर बघा, नाहीतर क्रॉमवेलला त्याचाच चेहरा चिकटतो.

आणि स्वतः ऐतिहासिक लिहायचा विचार असेल तर बाईंची एक सवय उचला, त्या प्रत्येक पात्राची कार्डं ठेवायच्या आणि कुठल्या तारखेला कोण कुठे होता ते त्यावर टिपायच्या, म्हणजे जो ड्यूक त्या दिवशी दुसऱ्या गावी होता त्याला चुकून दरबारात उभा करायला नको. 2017 ची त्यांची बीबीसीवरची रीथ लेक्चर्सही ऐका, पाच आहेत, ऐतिहासिक कादंबरी कशी लिहायची यावरच आहेत.