हॉटेलचं बिल ग्रुपमध्ये कसं वाटायचं आणि टिप किती ठेवायची

बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येतं, कोणीतरी फोन काढून भागिले सहा करतो, "आठशे अडतीस टाका रे प्रत्येकी" म्हणतो आणि ज्याने फक्त व्हेज थाळी खाल्ली तोही गुपचूप आठशे अडतीस टाकतो. असं तीन-चारदा झालं की तो पुढच्या प्लॅनला "बघतो, जमलं तर येतो" म्हणायला लागतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपमधला एक जण असाच यायचा बंद झाला, त्यामागचं कारण आम्हाला वर्षभराने कळलं आणि मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. कमी खाणाऱ्याला स्वतःहून बोलायला लागूच नये, हिशोब करणाऱ्यानेच ते बघायचं. सगळ्यांनी मिसळ-पाव-ताक घेतलंय तर सरळ समान भाग करा, काही प्रश्न नाही. पण व्हेज-नॉनव्हेज आणि पिणारे-न पिणारे एकत्र बसले असतील तर समान काँट्री काढू नका.

आधी बिल नीट वाचा. महाराष्ट्रात परमिट रूम असलेल्या हॉटेलात बिलाचे दोन भाग असतात, कारण जेवणावर जीएसटी लागतो, साधारण हॉटेलात ५ टक्के (अडीच सीजीएसटी म्हणजे केंद्राचा, अडीच एसजीएसटी म्हणजे राज्याचा), आणि दारू जीएसटीत येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो जो बारमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. म्हणजे बिअरचा टॅक्स बिअरवाल्यांचा आणि जेवणाचा जेवणवाल्यांचा, तो सगळ्यांत मिसळायचा नाही. ऑर्डर देतानाच वेटरला सांगून ठेवा की बारचं आणि किचनचं बिल वेगळं काढा, निम्मं काम तिथेच होतं.

आता खरा हिशोब बघा. सहा जण, ४ मटण थाळ्या ४५० ने १८००, २ व्हेज थाळ्या २५० ने ५००, आणि सगळ्यांनी मिळून खाल्लेलं पनीर चिली, मसाला पापड, पाण्याच्या बाटल्या असं ६००. जेवण झालं २९००, त्यावर जीएसटी १४५. मटणवाल्यांपैकी तिघांनी ६ बिअर घेतल्या, ३०० ने १८००, व्हॅट १८०. एकूण ५०२५, आणि भागिले सहा केलं की ते मघाचे आठशे अडतीस.

पण खरं तर सामाईक ६०० चे प्रत्येकी १०० आले. व्हेजवाल्याचे १०० अधिक २५० म्हणजे ३५०, ५ टक्के जीएसटी धरायला त्याला १.०५ ने गुणा, ३६७.५०. मटण खाल्लं पण प्यायला नाही त्याचे ५५० गुणिले १.०५, ५७७.५०. पिणाऱ्यांचे हेच ५७७.५० आणि वर बिअरचे ६०० गुणिले १.१०, म्हणजे ६६०, एकूण १२३७.५०. सगळे आकडे परत एकत्र करून ५०२५ येतात का ते बघायचंच, नाही आले तर काहीतरी दोनदा धरलंय किंवा सुटलंय. कुठे ३६७ आणि कुठे ८३८, व्हेजवाला दरवेळी जवळपास पावणेपाचशे रुपये दुसऱ्याच्या ताटाचे भरत होता!

कूपन किंवा डिस्काउंट असेल तर गोंधळ होतो, तेव्हा एकच करा, जेवणाचं शेवटी भरायचं बिल भागिले जेवणाच्या मेनूतल्या किमतींची बेरीज. वरच्या २९०० वर १५ टक्के सूट मिळाली तर टॅक्स धरून २५८८.२५ होतात, भागिले २९०० म्हणजे ०.८९२५, आता प्रत्येकाच्या खाण्याला या आकड्याने गुणायचं. ३५० वाल्याचे ३१२ होतात.

टिप. आपल्याकडे ५ ते १० टक्के ठेवतात आणि त्यासाठी गणित करायची गरजच नाही, बिलावरचा जीएसटीचा एकूण आकडा म्हणजेच जेवणाचे ५ टक्के, दुप्पट केला की १०. इथे १४५ चे २९०, आपण ३०० ठेवले, प्रत्येकी ५०. टिप मी समानच वाटतो, कारण पाणी, कांदा-लिंबू, जास्तीची चटणी वेटरने सगळ्यांनाच आणून दिलेली असते. आणि टिप शक्यतो रोख आणि वेटरच्या हातात द्या, काउंटरच्या क्यूआरवर जास्त पैसे टाकले तर ते मालकाच्या खात्यात जातात, वेटरला मिळतील की नाही ते त्याच्या मर्जीवर. त्यासाठी शंभराच्या दोन-तीन नोटा खिशात ठेवत जा.

टिप ठरवायच्या आधी बिलावर सर्व्हिस चार्ज लावलाय का तेही बघा. तो ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने पण नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं, बहुतेक वेळा काढतात, नाहीच काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण तुम्ही स्वखुशीने भरलात तर मग वेगळी टिप द्यायची गरज नाही.

वाढदिवस असेल तर बर्थडेवाल्याचा वाटा बाकीच्यांत समान टाका, फक्त हे बसायच्या आधी ठरवा. दोन फॅमिली असतील तर फिफ्टी-फिफ्टी करू नका, माणशी धरा, लहान मुलांचं अर्धं.

पैसे एकाने भरायचे आणि टेबलवरून उठायच्या आधी बिलाचा फोटो काढायचा, नंतर ते चिटोरं सापडत नाही. मग आकडे वरच्या रुपयात राउंड करून ग्रुपवर मेसेज टाकायचा, आमचा असा असतो: "व्हेज ४१८, मटण ६२८, मटण-बिअर १२८८. टिपचे ५० धरलेत. ३ रुपये जास्त जमतात ते पुढच्या चहाला. बिलाचा फोटो खाली आहे, काही चुकलं असेल तर सांगा."