अंतराळात पात्र मारायचं असेल तर

माझ्या पहिल्या विज्ञान कादंबरीत नायकाचा भाऊ यानाबाहेर फेकला जातो आणि फटाक्यासारखा फुटतो. तेव्हा मी अतिदक्षता विभागात रात्रपाळी करत होते. मरण रोज जवळून बघत होते, तरी लिहायला बसल्यावर सिनेमातलं उचललं. ते प्रकरण आता मला वाचवत नाही.

तर आधी पात्र नेमकं कशानं मरतंय ते ठरवा. निर्वात पोकळीत माणूस फुटत नाही. झटकन गोठतही नाही, कारण उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसते. अंग सुजतं, दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. 1966 मध्ये नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या अंतराळपोशाखाची नळी सुटली. साधारण 14 सेकंदांत तो कोसळला. हवा परत भरल्यावर वाचला. जिभेवरची लाळ उकळत होती, हे त्याला आठवत होतं. स्फोट खोडा, ही लाळ ठेवा.

श्वास रोखणाऱ्याची फुप्फुसं फाटतात. म्हणून मुरलेला अंतराळवीर श्वास सोडून देतो, नवखा रोखतो. दोघांतला फरक एका ओळीत दिसतो.

मग बातमीचा वेळ मोजा. मंगळावरून संदेश यायला अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. समजा, मुलगा सांगतोय, "दहा मिनिटांचा प्राणवायू उरलाय." संदेश वीस मिनिटं प्रवास करून आलाय. आई उत्तर द्यायला माइक हातात घेते. शेजारच्या ऑपरेटरचा हिशेब झालेला आहे. त्यानं तिला थांबवायचं का? इथे घाई करू नका, पानं खर्च करा. वॉर्डाबाहेरचे नातेवाईक मला हटकून विचारायचे, "सिस्टर, शेवटी काही बोलले का?"

मेंदूची प्रत काढून ठेवायची सोय असेल तर तिचे नियम कुणी मरायच्या आधीच सांगून टाका. नंतर सांगितलेत तर पुढच्या मरणाला कुणी रडणार नाही. आणि परत आलेल्याला शेवटचं भांडण आठवू देऊ नका. प्रत त्याआधीची होती.

प्रेतापाशी प्रकरण संपवू नका. माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो प्राणवायू लागतो. एक गेला की तेवढा उरलेल्यांच्या वाट्याला येतो. यानात कुणीतरी हा हिशेब मनात करतंच आणि जेवताना खाली मान घालून बसतं. आमच्याकडेही खाट रिकामी झाली की चादर बदलायच्या आत पुढच्या पेशंटसाठी फोन यायचा, आणि तो मीच उचलायचे.